पिवळं इंजिन कुणाचं? भुसावळच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

अमेरिकेतल्या तेहाचापी रेल्वे घाटाच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'चौतीस वर्षं मालगाडीवर गार्ड होतो, मला रेल्वे शिकवू नका,' या वाक्यापुढे मी हात जोडले आहेत. पण बाकीच्या मुद्द्यांवर थोडं भांडू द्या. तुमचं म्हणणं असं: फोटोत इंजिन युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीचं पिवळं, आणि खाली मी लिहिलंय 'बीएनएसएफची मालगाडी', म्हणजे दुसऱ्याच कंपनीची. दुसऱ्या कंपनीचा ड्रायव्हर आपल्या रुळांवर कोण घेईल? घ्यायचंच झालं तर मालक आपलाच ड्रायव्हर देईल. आणि गार्डशिवाय मालगाडी म्हणजे निव्वळ गप्पा.

आधी फोटो. तिथे इंजिनाच्या रंगावरून गाडीचा मालक ओळखायला गेलात तर रोज फसाल. लांब पल्ल्याची गाडी एका कंपनीकडून दुसरीकडे जाते तेव्हा बरेचदा इंजिनं न काढता तशीच पुढे जातात. त्याचा हिशेब हॉर्सपॉवर-तासांत ठेवतात. ४,४०० हॉर्सपॉवरचं इंजिन दहा तास दुसऱ्याच्या गाडीला जुंपलं, की ४४,००० हॉर्सपॉवर-तासांचं देणं झालं. ते शक्यतो आपलं इंजिन तेवढा वेळ देऊनच फेडायचं. आपल्याकडे सावडीत बैलांचे दिवस मोजतात, तसंच. माझ्या फोटोतली पिवळी इंजिनं अशीच सावडीला आलेली होती. गाडी बीएनएसएफचीच.

रूळ मात्र युनियन पॅसिफिकचे. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डपासून मोहावीपर्यंतचा हा घाट सदर्न पॅसिफिकने १८७६ साली पुरा केला. पुढे सांता फे कंपनीची लाइन घाटाच्या दोन्ही अंगांना येऊन थांबली. मधला डोंगर पुन्हा फोडायचा, की शेजाऱ्याच्या रुळांवरून जायचं? १८९९ साली करार झाला आणि सांता फेच्या गाड्या भाडं भरून त्या घाटातून जाऊ लागल्या. आज सदर्न पॅसिफिकच्या जागी युनियन पॅसिफिक आहे, सांता फेच्या जागी बीएनएसएफ, आणि करार चालूच आहे. गंमत म्हणजे या घाटात मालकापेक्षा भाडेकरूच्याच गाड्या जास्त असतात. तिथून फार दूर नसलेल्या कॅहोन खिंडीत नेमकं उलट: तिथे १९०५च्या करारापासून सांता फेच्या रुळांवर युनियन पॅसिफिकच्या गोटातल्या गाड्या. एकीकडचा भाडेकरू दुसरीकडे घरमालक, त्यामुळे दोघंही जरा जपून वागत असावेत, असा आपला माझा कयास.

आता ड्रायव्हर. अशा कराराला तिथे 'ट्रॅकेज राइट्स' म्हणतात. त्यात इंजिन, गाडी आणि माणसं पाहुण्या कंपनीची. सिग्नल आणि कंट्रोल मालकाचे. गाडी कुठे थांबवायची, कुणाला आधी सोडायचं, हे मालकाचा डिस्पॅचर ठरवतो. पण म्हणून कुणीही उठून घाटात शिरत नाही. तुमच्याकडे 'एलआर' (लर्निंग रोड, म्हणजे रस्ता शिकून घेणं) केल्याशिवाय नव्या सेक्शनवर गाडी मिळत नाही ना? तिथेही तेच. चढ, वळणं, सिग्नल कुठे दिसतो, ब्रेक कुठे धरायचा, हे सगळं त्या सेक्शनवर शिकून पास व्हावं लागतं. पास नसेल तर मालक कंपनीचा माहीतगार माणूस शेजारी बसतो. बीएनएसएफचे बार्स्टो-बेकर्सफील्ड करणारे ड्रायव्हर तो घाट आपल्या अंगणासारखा ओळखतात, अंगण शेजाऱ्याचं असलं तरी.

आणि इथेच तुमची बाजू बरोबर निघाली. 'मालक आपलाच ड्रायव्हर देईल' हे तुम्ही अनुभवावरून म्हणालात, पण तसा दुसरा करार खरोखर असतो. त्याला 'हॉलेज' म्हणतात. गिऱ्हाईक आणि डबे एका कंपनीचे, ओढून नेणार दुसरी, तिच्याच माणसांकरवी. ज्या वाटेवर दिवसाला जेमतेम एखाद्या गाडीइतका माल, तिथे आपली माणसं शिकवून ठेवणं कुणाला परवडणार? 'दुसऱ्याच्या रुळांवर प्रत्येक कंपनी आपलीच क्रू नेते' असं मी लिहिलं होतं, ते चूक. वाक्य दुरुस्त केलंय.

सुरक्षेबद्दलची तुमची काळजीही खोटी नाही. १२ सप्टेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसमधल्या चॅट्सवर्थला, एकाच रुळावर, मेट्रोलिंकची लोकल आणि युनियन पॅसिफिकची मालगाडी समोरासमोर धडकल्या. २५ माणसं गेली. लोकलचा ड्रायव्हर फोनवर मेसेज करण्यात गुंतला होता आणि लाल सिग्नल ओलांडून गेला. त्यानंतर सुमारे महिनाभरात कायदा झाला: मुख्य मार्गांवर ड्रायव्हर चुकला तरी गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा बसवा, आणि ती अशी हवी की पाहुण्याचं इंजिन मालकाच्या रुळांवरही तिला जुमानेल. ही दुसरी अटच डोकेदुखीची ठरली. सगळं काम पुरं व्हायला २०२० उजाडलं.

राहिला गार्ड. तो आहे, पण मागे नाही. ब्रेकव्हॅन, म्हणजे गाडीच्या शेवटचा गार्डचा डबा, तिथे १९८०च्या दशकात गेली. तिथला गार्ड, म्हणजे कंडक्टर, पुढे इंजिनात, ड्रायव्हरशेजारी बसतो. शेवटच्या डब्याला एक पेटी लावतात. तिचा लाल दिवा लुकलुकतो आणि ब्रेक पाइपचा दाब ती रेडिओवरून पुढे कळवते. मधला डबा बिघडला, की कंडक्टरनेच उतरून खडीतून चालत जायचं. तीन किलोमीटरची गाडी, रात्र, घाट. दोघांची ड्यूटी बारा तासांची. ती संपली की गाडी असेल तिथे उभी, बदली माणसं व्हॅनने येईपर्यंत. 'गाडी मेली' असं म्हणतात ते लोक.

आता मला तुम्ही सांगा. भुसावळ-इगतपुरीला ब्रेकव्हॅनमध्ये एकट्याने रात्र काढलेल्या माणसाला मागे बसणं बरं वाटेल की पुढे? सविस्तर लिहिलंत तर तुमच्या परवानगीने वेगळा लेख म्हणून टाकतो.