जॅकची पेरणी

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याचं नाव समुद्रपूर. इथून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या वावराकडच्या पांदणीत येऊन उभे राहा, म्हणजे हे नाव ठेवणाऱ्याला तुम्ही नावं ठेवणार नाही.

माती काळी. उन्हाळ्यात तिच्या भेगेत अख्खा हात जातो, पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते. चप्पल घालून चाललं तर दहाव्या पावलाला माणूस चार बोटं उंच होतो आणि पंधराव्या पावलाला अनवाणी.

या पांदणीसाठी मी जीप घेतली. बायकोचं म्हणणं होतं की शाळेत जायला मोटरसायकल आहे, वावरात जायला पाय आहेत, मग जीप कुठं जायला? उत्तर माझ्याकडं नव्हतं, त्यामुळं मी लगेच व्यवहार केला. जुनी एमएम 540. महिंद्रांनी 1947 साली विलीज जीप जोडायला घेतली, त्या घराण्यातली. तिच्या दोन्ही बाजूंना, पायदानाच्या जागी, चकचकीत गोल पाइप होते. खरं सांगायचं तर मी त्या पाइपांवरच भाळलो. बैल घेताना शिंगं बघून घेऊ नये हे वडिलांनी सांगितलं होतं. जीपबद्दल ते काही बोलले नव्हते.

पुण्याच्या भाच्यानं फोटो पाहून फोन केला.

"मामा, हे रॉक स्लायडर आहेत! गाडी खडकात गेली की दाराखालचा पत्रा चेपतो. हे असले की गाडी पाइपवर टेकते आणि घसरत पुढं जाते."

"अरे पण आपल्याकडं खडक कुठं? चिखल आहे."

"चिखलात तर आणखी उपयोगी. साधा जॅक लावायला ॲक्सल दिसतं तरी का? मोठा जॅक घे आणि थेट पाइपला लाव."

दिवाळीला तो स्वतःच एक जॅक घेऊन आला. 48 इंची. चौथीतल्या पोराएवढा उंच आणि त्याच्याइतकाच नाठाळ. भोकं पाडलेली उभी दांडी, तिच्यावर चढणारी एक बोजड पेटी, पेटीला पुढं जीभ, मागं लांब दांडा. दांडा दाबला की पेटीतल्या दोन पिना आळीपाळीनं भोकं धरतात. झाडावर चढणारं पोर एक हात सोडून दुसरा धरतं तसं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ब्लूमफिल्ड नावाच्या गावी हा जॅक 1905 पासून बनतो आणि मुळात तो शेतकऱ्यांचा, असं भाच्यानं सांगितलं. माझा अर्थात देशी अवतार.

मग जुलै आला आणि जीप फसली.

मागचं डावं चाक निम्मं जमिनीत. मी विजयी मुद्रेनं जॅक काढला, जीभ पाइपखाली घातली आणि दांडा दाबू लागलो. टक्, टक्, टक्. दहा-बारा वेळा दाबलं. जीप होती तिथंच. जॅक मात्र बुटका होत चालला होता. त्याचा तळवा म्हणजे दोन हातांच्या पंजांएवढी लोखंडी पट्टी. तिच्यावर जीपचं ओझं टाकल्यावर ती काळ्या मातीत न जाऊन करते काय!

धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेजारचे बाबाजी तंबाखू मळत उभे होते. बराच वेळ त्यांनी पाहिलं आणि मग अदबीनं विचारलं,

"गुरुजी, जीप काढू रायले का जॅक पेरू रायले?"

मी हसलो नाही. त्यांनी आपल्या बंडीची, म्हणजे बैलगाडीची, एक फळी आणून दिली. ती खाली घातल्यावर जॅक थांबला आणि जीप वर येऊ लागली. जीप म्हणजे वरचा सांगाडा. चाक खालीच. स्प्रिंगचे पाटे लांबत होते, सांगाडा वर जात होता आणि चाक चिखलात माहेरी आल्यासारखं बसून होतं. जीप इतकी कलली की सीटखालचा पाना, गेल्या वर्षीची सोयाबीनच्या बियाण्याची पावती आणि हरवलेली एक चप्पल असं सगळं पलीकडच्या बाजूनं बाहेर आलं.

शेवटी 'भच्च' असा आवाज करून चाक सुटलं. मी बाबाजींकडं बघून मान ताठ केली, आणि त्याच क्षणी जीप वीतभर पुढं सरकली. गोल पाइपवरून जॅकची जीभ सटकली. जीप धप्पकन खाली, जॅक गर्रकन आडवा, आणि त्याचा दांडा माझ्या हनुवटीसमोरून असा गेला की वारा लागला. मधलं अंतर सांगायचं तर, त्या दिवशी मी दाढी केली नसती तर ती झाली असती.

रॉक स्लायडर. नावातच घसरणं होतं. पोरांना शब्दार्थ मी शिकवतो!

जीप शेवटी बाबाजींच्या बैलांनी काढली. दारावर जॅकच्या दांडीचा पोचा तेवढा राहिला. बायकोनं तो पाहिला, काही बोलली नाही. तिचं न बोलणं फार लांबवर ऐकू जातं.

दुसऱ्या दिवशी मी जाम चौरस्त्यावर गेलो. नागपूर-हैदराबाद रस्त्याला चंद्रपूरचा फाटा इथंच फुटतो, त्यामुळं ट्रकवाल्यांच्या कृपेनं वेल्डिंगवाल्यांची कमी नाही. मिस्तरी साठीचे, चष्म्याच्या एका काडीच्या जागी तार. त्यांनी माझी कहाणी ऐकलीच नाही. खाली वाकले, पाइपावर हातोडी मारली आणि कान दिला. डॉक्टर पोटावर बोटं वाजवतो तसं.

"हा पाइप कशाले धरून हाय, गुरुजी?"

"गाडीला."

"पत्र्याले. अन् पत्रा कशाले धरून हाय? देवाले." मग चष्मा सारखा करत म्हणाले, "बांगडी हाय जी ही. हातात शोभते, हात नाई वाचवत."

निदान असं झालं. एक, पाइप चेसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, नव्हे तर बॉडीच्या पत्र्याला चार बोल्टांवर लटकला होता. त्यावर गाडी उचलणं म्हणजे माणसाला सदऱ्याच्या खिशाला धरून उचलणं. दोन, पाइप गोल आणि जॅकची जीभ सपाट, त्यांचा संसार होणं नाही. तीन, गाडी सरकली का? तर माझ्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाहीच, तो गिअरबॉक्सच्या मागं शाफ्टवर आहे. मागचं एक चाक हवेत गेलं की ते मोकळं फिरतं आणि त्याच्या मोकळेपणावर दुसरंही चालू लागतं. "म्हणजे ब्रेक ओढला काय अन् नाई ओढला काय, सारखंच." इतकी वर्षं मी हा ब्रेक ओढून निवांत चहा पीत होतो.

पैसे वाचवायला मी घरचा जुना जीआय पाइप नेला होता, विहिरीच्या लाइनीतला. मिस्तरींनी तो पायानंच बाजूला सारला. "जस्त हाय याच्यावर. जाळलं का धूर निघते, अन् रात्री हिवताप आल्यावानी थंडी भरते. लोक गूळ खाऊन वेल्डिंग करते. मी गूळ चहातच खातो."

मग सी क्लास, म्हणजे जाड पत्र्याचा, बिनजस्ताचा काळा पाइप आणला. दुकानदार म्हणाला, दीड इंची. मिस्तरींनी बाहेरून मोजला तो भरला 48.3 मिलिमीटर, म्हणजे दोन इंचाला थोडा कमी. मी गणित शिकवतो; मला हे मुळीच आवडलं नाही. पण पाइपाची जाडी 4 मिलिमीटर आहे म्हटल्यावर मी दीड बरोबर दोन हे समीकरण मान्य केलं.

काम दोन दिवस चाललं. आधी बॅटरीची तार सोडली. प्रत्येक बाजूला तीन पाय, चेसीला बोल्टनं कसलेले. मी म्हटलं वेल्डिंगच करून टाका, तर म्हणाले, उद्या वाकला तर काढाल कसा? खरी कारागिरी दिसली ती जॅकच्या जागेत. त्यांनी माझा जॅक मागून घेतला, जिभेवर खडू घासला आणि ती पट्टीवर दाबली. अंगठा उठवतात तसा तिचा ठसा उठवला. त्या मापानं पाइपाच्या पोटाखाली सपाट पट्टी जोडली आणि पट्टीच्या कडांना बोटभर उंचीचे ओठ. जीभ आत बसली की ना पुढं, ना मागं, ना बाहेर. ही घरं पाइपाच्या मधोमध नाहीत, पायांना चिकटून. एक पुढच्या चाकामागं, एक मागच्या चाकापुढं. खाली तोंड उघडं, म्हणजे चिखल साचणार नाही. "जिभीले घर पाह्यजे," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

शिवाय एक साखळी दिली. जॅक लावण्याआधी ॲक्सल आणि चेसी हिनं जखडून टाकायची, म्हणजे सांगाड्याबरोबर चाकही मुकाट्यानं वर येतं. फोर व्हील टाकून गिअरमध्ये ठेवायची, उरलेल्या चाकांना दोन्हीकडून गोटे लावायचे, आणि जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. हे शेवटचं त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना डाव्या हाताची दोन अर्धी बोटं दाखवली. मी विचारलं नाही.

2017 च्या डिसेंबरात केंद्रानं बंपरपुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं आणि खात्याचे मंत्री नागपूरचेच. त्यामुळं मी भीत भीत विचारलं, याला तर कोणी हरकत घेणार नाही? मिस्तरी म्हणाले, "तुमच्या पांदणीत साहेब यायले पाह्यजे ना. आले तं तुमीच काढसान त्याईची गाडी." मग हळूच म्हणाले, "पन आरटीओत विचारून घ्या." विचारायचं अजून राहिलंय.

फरशीवर चाचणी झाली. टक्, टक्, टक्. जीप देवघरातल्या पाटासारखी सरळ वर. घरी मी बायकोलाही प्रयोग करून दाखवला. तिनं जॅक नीट न्याहाळला आणि विचारलं, "यानं पऱ्हाटीची मुळं निघतील का?"

निघतात. कुंपणाचे खांबही निघतात. मुळात तो शेतकऱ्यांचाच जॅक. आठवड्याभरात गावात बातमी झाली आणि जॅक घराघरांतून फिरू लागला, साखर मागायला पाठवलेल्या वाटीसारखा.

ऑगस्टच्या शेवटी जीप पुन्हा फसली, त्याच जागी. मी आनंदानं खाली उतरलो. साखळी बांधली. चाकांना गोटे लावले. फळी टाकली. पाइपाखालचं घर बोटानं चिखल काढून साफ केलं, आणि जॅक काढायला मागं गेलो.

तासाभरानं धुऱ्यावरून बाबाजींची बंडी आली. बंडीत उपटलेले सहा खांब, आणि त्यांच्यावर आडवा, चिखलानं माखलेला माझा जॅक.

"बैल जुंपू का," बाबाजींनी विचारलं, "का पेरणी करता?"