वाकलेली फळी आणि मायटर सॉ : एक खुलासा

गडचिरोली-चंद्रपूरकडील सुतारबांधवांच्या मोबाइलवर सध्या अशी सूचना फिरत आहे की, मायटर सॉवर, म्हणजे लाकूड सरळ किंवा कोनात कापणाऱ्या विजेच्या करवतीवर, वाकलेली फळी कापताना तिची खोलगट बाजू मागच्या आधारपट्टीला लावावी, म्हणजे दोन्ही टोके टेकून फळी स्थिर राहते. ही सूचना चुकीची आणि धोक्याची आहे. टोके टेकली तरी नेमकी पात्यासमोर पोकळी उरते. काप संपत आला की दोन्ही तुकडे त्या पोकळीकडे सरकून पाते चिमटतात आणि आलापल्लीच्या सागवानाची जड फळीसुद्धा हातातून हिसकली जाते. म्हणून फुगीर बाजूच पट्टीला भिडवावी. यंत्र सुरू करण्यापूर्वी कापाच्या रेषेवर फळी आणि पट्टी यांच्यामध्ये जाड कागद सरकवून पाहावा. तो आत शिरला, तर फळी पुन्हा बसवावी.