नोकरी लागण्याचा धोका आणि तो टाळण्याचे उपाय

मराठीत नोकरी नुसती मिळत नाही, ती लागते. ठेच लागते, उचकी लागते, दृष्ट लागते, तशीच नोकरीही लागते. आणि एकदा लागली की माणूस तिला चिकटतो. भाषेने इतका स्पष्ट इशारा देऊनही दरवर्षी पदवी घेऊन बाहेर पडलेली मुले बेसावधपणे अर्ज करीत सुटतात, आणि त्यांतल्या काहींच्या बाबतीत व्हायचे तेच होते. मग रोज सकाळी चाकणच्या चौकात कंटेनरच्या मागे उभे राहून घड्याळ पाहणे त्यांच्या नशिबी येते. हे टाळता येण्यासारखे आहे. गेले चौदा महिने मी पुण्यात अकाउंट्सच्या नोकरीचा शोध एक दिवसही खंड पडू न देता चालू ठेवला आहे. या काळात नोकरी लागण्याची वेळ फक्त दोनदा आली आणि दोन्ही वेळा ती टळली. त्या अनुभवाच्या बळावर चार गोष्टी सांगण्याचे धाडस करतो.

सुरुवात बायोडेट्यापासून करावी. तो देखणा हवा. इंटरनेटवर तयार साचे मिळतात, त्यांतला दोन रकान्यांचा, डावीकडे गडद निळी पट्टी असलेला साचा निवडावा. नाव आणि मोबाइल क्रमांक पानाच्या अगदी वर, हेडरमध्ये टाकावेत आणि कौशल्यांपुढे शब्दांऐवजी ठिपके रंगवावेत: एक्सेल, पाचपैकी चार, इंग्रजी, पाचपैकी साडेतीन. इंग्रजीच्या त्या अर्ध्या ठिपक्यात नेमके काय येते आणि काय येत नाही, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि तीच त्याची शोभा आहे. मोठ्या कंपन्यांत आलेले अर्ज बहुधा माणसाच्या आधी एक सॉफ्टवेअर वाचते. ते दोन रकाने पुष्कळदा आडवे, एका ओळीत वाचून टाकते आणि हेडरमधला मजकूर कित्येकदा सोडूनच देते. माझ्या बायोडेट्यातला सगळा मजकूर एकदा सहज म्हणून पीडीएफमधून उचलून मी नोटपॅडमध्ये चिकटवला, तेव्हा त्यात माझे नाव कुठेच नव्हते, ‘बी.कॉम. पोहणे प्रथम श्रेणी टॅली वाचन’ अशी एक सलग ओळ मात्र होती. वाचकांनी हा प्रयोग करू नये. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही आणि त्यानंतर साध्या अक्षरांत, एकाच रकान्यात बायोडेटा लिहिण्याचा मोह आवरणे जड जाते.

मजकुराविषयी एवढेच सांगतो की, जबाबदाऱ्या लिहाव्यात, केलेले काम लिहू नये. ‘तीनशे खरेदी बिलांचा जीएसटीच्या टू-बी विवरणाशी दोन दिवसांत मेळ लावून दिला’ असे वाक्य (टू-बी म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) चुकूनही कागदावर येता कामा नये. त्याऐवजी ‘लेखाविषयक कामकाज पाहिले’ असे लिहावे. पाहिले, यात खोटेही काही नाही. सर्वांत वर उद्दिष्ट म्हणून ‘प्रगतिशील संस्थेत माझ्या क्षमतांचा पुरेपूर वापर करून संस्थेच्या व स्वतःच्या विकासास हातभार लावणे’ हे वाक्य घालावे. मी ते ज्याच्याकडून उतरवून घेतले, त्याने ज्याच्याकडून घेतले होते, त्यालाही अजून नोकरी लागलेली नाही, इतके ते खात्रीचे आहे.

आता अर्ज. माझ्या खोलीत राहणारा मित्र याबाबतीत आदर्श होता, म्हणून त्याची दिनचर्या सांगतो. नोकरी डॉट कॉम हे संकेतस्थळ १९९७ पासून चालू आहे आणि प्रोफाइलमध्ये नुकताच काही बदल केलेला असला की ते भरती करणाऱ्यांच्या यादीत वर दिसते, अशी आम्हा शोधकऱ्यांची पक्की समजूत आहे. त्यामुळे हा गृहस्थ रोज सकाळी पावणेनऊला, डाव्या हातात पोह्यांची बशी धरून, उजव्या हाताच्या अंगठ्याने आपल्या प्रोफाइलच्या पहिल्या वाक्याच्या शेवटी एक पूर्णविराम घाली आणि बदल जतन करी. दुसऱ्या दिवशी तो पूर्णविराम काढून टाकी. आठ महिन्यांत त्याच्या पात्रतेत झालेला बदल एवढाच होता, पण तो न चुकता रोज होई. बशी खाली ठेवली की तो अर्ज करायला बसे, आणि जेवणाची वेळ होईपर्यंत पन्नासचा आकडा गाठी. जाहिरात वाचण्याची आवश्यकता नसते, कारण ‘फ्रेशर पाहिजे, किमान दोन वर्षांचा अनुभव आवश्यक’ असे लिहिणाऱ्यानेही ती वाचलेली नसते. कोणत्या कंपनीला कोणत्या पदासाठी कोणत्या तारखेला अर्ज केला, याची नोंद वहीत ठेवू नये. नोंद नसली की फोन येतो तेव्हा खरी मजा येते. पलीकडची बाई विचारते, “आता बोलता येईल का?” आपण विचारतो, “कुठून बोलताय?” ती कंपनीचे नाव सांगते. आपण म्हणतो, “हो का? कशासाठी?” एवढ्यावर बहुतेक वेळा प्रकरण मिटते. अनोळखी क्रमांक क्रेडिट कार्डवाल्यांचा समजून मुळात उचललाच नाही, तर उत्तमच.

तथापि बायोडेटा आणि अर्ज यांतला धोका तसा किरकोळ आहे. खरा धोका माणसांचा. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन येथे नोकरी बदललेल्या लोकांकडे चौकशी करून १९७३ साली एक शोधनिबंध लिहिला. ज्यांना ओळखीतून नोकरी लागली होती, त्यांना तो विचारीत असे की, माहिती देणारा माणूस त्या सुमारास तुम्हाला कितीदा भेटत होता. नेहमी भेटणाऱ्याकडून कळले, असे सांगणारे जेमतेम १७ टक्के निघाले. निम्म्याहून अधिक लोकांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून, आणि सुमारे २८ टक्क्यांना क्वचित भेटणाऱ्याकडून कळले होते. कारण उघड आहे. सख्खा मामा ज्यांना ओळखतो त्यांना आपली आईही ओळखते, तेव्हा मामाकडे नवी बातमी असण्याचा संभव कमी. त्याच्याकडे खुशाल रडगाणे गावे. जपायचे ते दूरच्यांपासून. कॉलेजात दोन वर्षे पुढे असलेला, सीएकडे आर्टिकलशिप करताना शेजारच्या टेबलावर बसलेला, ज्याचा नंबर आपल्याकडे आहे पण ज्याला तीन वर्षांत फोन केलेला नाही, असा माणूस फार घातक असतो. त्याला फोन करण्याचा प्रसंग आलाच, तर एकच वाक्य बोलावे: “बघ ना, कुठे काही असलं तर सांग.” हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या वापरून सिद्ध झालेले आहे. त्याने समोरच्यावर ओझे पडते, पण आपल्याला काय येते, कसले काम हवे आणि कुठे हवे, यातले त्याला काहीही कळत नाही. ‘तुमच्याकडे अकाउंट्समध्ये किती जण आहेत, हिशेबाला टॅली वापरता की सॅप, भरती कोण बघतं’ असले प्रश्न विचारले, तर तो माणूस मोकळेपणाने उत्तरे देतो, आणि मग कोणाला लिहायचे हे ठाऊक नसल्याची सबब हातची जाते. त्यातूनही कोणी मदत करू लागलाच, तर ‘आम्हाला वशिला चालत नाही’ असे ताठ मानेने सांगावे.

ज्यांना शोध दीर्घकाळ चालवायचा आहे त्यांनी खाजगी आणि सरकारी अशा दोन्ही डगरींवर पाय ठेवावा, म्हणजे एकीकडच्या अभ्यासामुळे दुसरीकडची तयारी राहून जाते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत महिन्याच्या भाड्याने एक खुर्ची मिळते आणि ‘क्लास वनची तयारी करतोय’ या उत्तरावर गावाकडे कोणी पुढचा प्रश्न विचारीत नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि खुल्या वर्गासाठी परीक्षा शुल्क १,००० रुपये, तर राखीव वर्गासाठी ९०० रुपये होते. जमलेल्या रकमेचा गुणाकार वाचकांनी स्वतः करावा. अंकगणित हा त्याच परीक्षेच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे.

इतके करूनही मुलाखतीला बोलावणे येते. पहिल्यांदा मला ते चाकणच्या एका कारखान्यातून आले. समोरच्या साहेबांनी विचारले, “आमच्याकडे काय बनतं, माहीत आहे?” त्यांच्या पाठीमागच्या काचेच्या कपाटात रबराच्या काळ्या कड्या लहानमोठ्या आकारांप्रमाणे ओळीने मांडून ठेवल्या होत्या, प्रत्येकीखाली पांढरी चिठ्ठी होती. मी त्या कड्यांकडे पाहत पाहतच म्हणालो, “सर, आपली कंपनी वाहन उद्योगातली एक अग्रगण्य कंपनी आहे.” ते थोडा वेळ थांबले. मग त्यांनी, आपल्याला काही विचारायचे आहे का, असे विचारले. या प्रश्नाचे उत्तर ‘नाही सर’ असेच द्यायचे असते. आधीचा माणूस का सोडून गेला, पहिल्या तीन महिन्यांत काय झाले म्हणजे काम चांगले झाले असे समजाल, अशी चौकशी केल्यास आपल्याला कामात रस आहे असा गैरसमज होतो. पगाराच्या अपेक्षेबद्दल ‘कंपनीच्या नियमाप्रमाणे’ म्हणावे आणि सीटीसीचा, म्हणजे कंपनीला आपल्यावर वर्षाला येणाऱ्या एकूण खर्चाचा, आकडा सांगितला तर मान डोलवावी. त्या आकड्यात कंपनीने भरायचा बारा टक्के भविष्यनिर्वाह निधी धरलेला असतो, मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी धरलेली असते, जी साधारणपणे पाच वर्षे टिकलो तरच हाती पडते. हातात किती येणार, हे विचारणे असंस्कृतपणाचे समजले जाते. ते पहिल्या पगाराच्या दिवशी आपोआप कळते. त्या साहेबांनी “कळवतो” म्हटले होते. भरती करणाऱ्यांच्या तोंडी या क्रियापदाला कर्म नसते आणि काळही नसतो, हे माझे व्याकरणविषयक निरीक्षण आहे.

दुसऱ्यांदा तर निवड झाल्याचा मेलच आला. सुदैवाने तो जाहिरातींच्या मेलमध्ये जाऊन पडला आणि मी नवव्या दिवशी पाहिला. तोवर दुसरा कोणी रुजू झाला होता.

खोटे अनुभवपत्र विकत घेण्याविषयी मला विचारले जाते. पैसे वाया जातात, पण अपयशाची हमी चांगली मिळते, कारण २०१४ पासून भविष्यनिर्वाह निधीच्या प्रत्येक सभासदाला एकच यूएएन क्रमांक असतो आणि पूर्वी कुठे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम केले, ते त्यावरून पडताळता येते. नोकरी देण्यापूर्वी नोंदणी शुल्क मागणाऱ्यांचेही तसेच. तिथे पैसे भरल्यास नोकरी लागण्याची धास्ती मुळीच उरत नाही.

आता एक दुर्दैवी घटना सांगणे भाग आहे. पूर्णविरामवाला माझा मित्र गेल्या महिन्यात एका शनिवारी सासवडला लग्नाला गेला. पंगतीत त्याच्या शेजारी कॉलेजात त्याच्या दोन वर्षे पुढे असलेला एक जण बसला होता आणि तो वाढप्याला मठ्ठा मागता मागता कुरकुरत होता, की महिना संपत आला तरी आमची खरेदी बिलं टू-बीशी जुळत नाहीत. मित्राने त्या वेळी जिलबीकडे लक्ष द्यायला हवे होते. त्याने विचारले, “बिल नंबर कसे लिहिता?” मग म्हणाला, “एक्सेलच्या नुसत्या व्हीलूकअपने नाही जमणार, आधी नंबरांतले स्लॅश आणि पुढची शून्यं काढावी लागतील. मी आधीच्या ठिकाणी हेच करायचो, अर्ध्या दिवसाचं काम आहे.” समोरच्याने जेवण थांबवून त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, “सध्या काय करतोस?”

सोमवारी त्याला बोलावणे आले आणि त्या आठवड्यातच तो रुजू झाला. आता तो सव्वासातला घराबाहेर पडतो, त्यामुळे पोहे मलाच करावे लागतात. त्या शनिवारी सकाळी घातलेला पूर्णविराम त्याच्या प्रोफाइलवर अजून तसाच आहे.