"आज घेतलं नाही तर कधीच नाही": घराबद्दलच्या एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या काही महिन्यांत एकच संदेश मला चार वेगवेगळ्या ग्रुपांवर आला. तीन वेळा मी तो वाचून सोडून दिला. चौथ्या वेळी तो मामेभावानं पाठवला आणि खाली लिहिलं, "पटतंय. रविवारी बुकिंगचा चेक देतोय." त्यामुळे गप्प बसवेना.

संदेशाचा सारांश असा आहे. जमीन वाढत नाही, माणसं वाढतात, म्हणून घरांच्या किमती कधीच पडत नाहीत. भाडं म्हणजे पाण्यात टाकलेले पैसे, तेवढ्यात स्वतःच्या घराचा हप्ता जातो. बँक कर्ज देते आहे म्हणजे तुम्हाला ते झेपतंय, बँका काही वेड्या नाहीत. वीस वर्षांपूर्वी ज्यांनी घेतलं त्यांचं घर चौपट झालं. वाट पाहणारा नेहमी हरतो, म्हणून जमेल तसं, पण आजच घ्या.

मी घर घेण्याच्या विरोधात नाही. घरमालकाच्या एका फोनवर मुलांची शाळा बदलावी लागणं काय असतं, हे भाड्यानं राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. स्वतःच्या घराची ओढ खरी आहे आणि हा संदेश तिलाच हात घालतो. म्हणून त्यातला एकेक दावा तपासून बघायला हवा.

पहिला दावा जमिनीचा. ऐकायला तो इतका सरळ आहे की वाद घालावासा वाटत नाही. पण ज्या ठिकाणी जमीन सर्वांत अपुरी, तिथंच तो सर्वांत वाईट रीतीनं खोटा ठरला आहे. जपान हा डोंगराळ देश, राहण्याजोगी सपाट जमीन थोडी. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथं जमिनीचे भाव इतके चढले की बापानं घेतलेलं कर्ज पुढं मुलानं फेडायचं, अशी दोन पिढ्यांची कर्जं निघाली. तेव्हाही लोक म्हणत होते की जमीन काही वाढणार नाही. मग १९८९च्या मे महिन्यात अडीच टक्क्यांवर असलेला मध्यवर्ती बँकेचा दर १९९०च्या ऑगस्टपर्यंत सहा टक्क्यांवर गेला. १९९१नंतर भाव उतरू लागले आणि देशभरातल्या जमिनीची सरासरी किंमत सलग दीड दशक घसरत राहिली. या काळात जपानची लोकसंख्या कमी होत होती का? नाही. ती २००८च्या आसपासपर्यंत वाढतच होती. जमीन तेवढीच, माणसं जास्त, आणि तरी भाव खाली.

हाँगकाँगचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. त्याहून दाटीची वस्ती जगात मोजकीच सापडेल. तिथं १९९७ ते २००३ या सहा वर्षांत घरांच्या किमती ६० टक्क्यांहून जास्त पडल्या. २००३च्या मध्यापर्यंत एक लाखाहून अधिक कर्जदारांची अवस्था अशी झाली की घर विकलं तरी कर्ज फिटलं नसतं. पुढं भाव पुन्हा चढले हे खरं. पण १९९७मध्ये घेतलेल्या माणसाला आपली किंमत परत दिसायला एका दशकाहून जास्त काळ थांबावं लागलं. थांबणं ज्यांना शक्य होतं ते तरले. ज्यांची नोकरी मधेच गेली त्यांना तेवढा वेळ मिळाला नाही.

असं का होतं? किंमत जमिनीवर आणि माणसांवर ठरत असती तर ती संथपणे हलली असती. प्रत्यक्षात ती ठरते गिऱ्हाइकाला आज किती कर्ज मिळू शकतं यावर. तीस वर्षांच्या कर्जाचा व्याजदर तीन टक्क्यांवरून सातवर गेला, तर तेवढ्याच रकमेचा हप्ता सुमारे ५८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे त्याच पगारात पूर्वीच्या कर्जाच्या दोन तृतीयांशाहूनही कमी कर्ज झेपतं. माणसं तितकीच, जमीन तितकीच, पण खिशातली ताकद एका वर्षात आटते.

याच दाव्याचं पुस्ती जोडलेलं रूप म्हणजे "लांब पल्ल्यात किंमत वाढतेच." ॲमस्टरडॅममधल्या हेरेनग्राख्त या कालव्याकाठच्या घरांचे १६२८पासूनचे व्यवहार संशोधक पीट आयखोल्ट्स यांनी तपासले. महागाई वजा केल्यावर साडेतीन शतकांत तिथली किंमत जेमतेम दुप्पट झालेली दिसली. तीही त्या शहरातल्या उत्तम वस्तीत. म्हणजे वाढ होते, पण संदेशातल्या आवेशाला साजेशी नव्हे.

आता भाड्याचा मुद्दा. इथं थोडं गणित करतो, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त माणसं इथंच फसतात.

समजा १०० रुपयांचं कर्ज आहे, मुदत वीस वर्षं, व्याज साडेआठ टक्के. दरमहा हप्ता येतो सुमारे ८७ पैसे. पहिल्या हप्त्यातले ७१ पैसे निव्वळ व्याज असतं. पाच वर्षांत तुम्ही बँकेत ५२ रुपये भरलेले असतात. मुद्दल किती कमी झालं? सुमारे १२ रुपये. उरलेले ४० रुपये व्याजात गेले. भाडं जर "पाण्यात" जात असेल, तर हे ४० रुपये कुठं गेले? भाडं म्हणजे दुसऱ्याचं घर वापरल्याचे पैसे, व्याज म्हणजे दुसऱ्याचे पैसे वापरल्याचं भाडं. दोन्ही परत येत नाहीत. शिवाय मालकाला मालमत्ता कर, देखभाल, गळती, रंग, लिफ्टची दुरुस्ती हे खर्च आहेत. घेताना मुद्रांक शुल्क आणि दलाली, विकताना पुन्हा दलाली. आगाऊ भरलेली रक्कम बँकेत राहिली असती तर तिच्यावर मिळालं असतं ते व्याजही गेलं. "घर पाहावं बांधून" असं जुनी माणसं म्हणायची ती याच वरखर्चांमुळं.

म्हणून तुलना करायची तर भाडं आणि हप्ता यांची करू नका. एका बाजूला भाडं ठेवा. दुसऱ्या बाजूला व्याज, देखभाल, कर आणि गुंतलेल्या रकमेचं बुडालेलं उत्पन्न. वर्षाचं भाडं घराच्या किमतीच्या तीन टक्के आणि कर्ज साडेआठ टक्क्यांनी, असा मामला असेल तर मधली दरी दरवर्षी किमतीच्या वाढीनं भरून काढावी लागते. वाढ थांबली की ती दरी तुमच्या पगारातून भरली जाते. उलट भाडं कर्जाच्या व्याजाच्या जवळपास असेल आणि त्याच ठिकाणी दहा वर्षं राहायचं पक्कं असेल, तर घर घेणं बहुतेक वेळा शहाणपणाचं असतं. दोन्ही उत्तरं खरी असू शकतात. संदेश मात्र एकच उत्तर सगळ्यांना वाटत सुटतो.

"वीस वर्षांत चौपट" हा दावा याच गणिताला जोडून बघा. वीस वर्षांत चौपट म्हणजे वर्षाला साधारण ७.२ टक्के. साडेआठ टक्क्यांनी कर्ज काढून घेतलेल्या घरासाठी ही काही डोळे दिपवणारी वाढ नव्हे. वर त्याच वीस वर्षांत १०० रुपयांच्या कर्जापोटी २०८ रुपये भरलेले असतात, ते सांगायचं राहून जातं. ज्यांना मधेच, नुकसानीत विकावं लागलं ते आपली गोष्ट समारंभात सांगत नाहीत.

बँकेचा मुद्दा मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. बँक वेडी नाही, हे अगदी बरोबर. पण ती स्वतःच्या रकमेची सुरक्षितता तपासते, तुमच्या घरातल्या शांततेची नाही. घर तारण असतं, हप्ता थकला तर ते जप्त करून लिलावात काढता येतं. अमेरिकेत तर २००८च्या आधीच्या वर्षांत उत्पन्नाचा पुरावा न मागताही कर्जं दिली गेली, कारण कर्ज देणारी संस्था ते लगेच दुसऱ्याला विकून मोकळी होत होती. २००६च्या शिखरापासून २०१२पर्यंत तिथल्या घरांच्या किमती देशभर सरासरी सुमारे २७ टक्के पडल्या आणि लाखो कुटुंबं घराबाहेर पडली. त्या प्रत्येक कुटुंबाकडं कर्जमंजुरीचं पत्र होतं.

व्याजदर बदलता असेल तर धोका आणखी वेगळा. इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेचा दर डिसेंबर २०२१मध्ये ०.१ टक्का होता, ऑगस्ट २०२३मध्ये ५.२५. वीस महिन्यांत. वरच्याच उदाहरणात कर्ज घेतल्यावर लवकरच दर साडेआठचा साडेदहा झाला, तर हप्ता ८७ पैशांचा जवळपास एक रुपया होतो. "हप्ता तोच ठेवा, मुदत वाढवा" असं म्हणाल, तर ८७ पैसे नुसत्या व्याजालाही पुरत नाहीत. दर महिन्याला हप्ता भरूनही कर्ज वाढत जातं. कॅनडात २०१८पासून बँकांना हे तपासावं लागतं की करारापेक्षा दोन टक्के जास्त दरानंही गिऱ्हाईक हप्ता भरू शकेल का. जिथं असा नियम नाही तिथं ही परीक्षा आपली आपण घ्यावी. एक पगार सहा महिने बंद आणि दर दोन टक्के वर, एवढं धरून कागदावर हिशेब मांडा. तो जमत नसेल तर मंजुरीपत्रावरचा आकडा तुमच्यासाठी नाही.

आणखी एक साधी गोष्ट. किमतीच्या २० टक्के स्वतःचे आणि ८० टक्के कर्ज, अशा घराची किंमत २० टक्के पडली तर तुमची सगळी बचत कागदोपत्री संपते. कर्ज मात्र एका पैशानं कमी होत नाही.

शेवटचा दावा, वाट पाहणारा हरतो. यात तथ्य आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत तीस वर्षांच्या कर्जाचा दर जानेवारी २०२१मध्ये २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता, ऑक्टोबर २०२३मध्ये तो ७.७९वर गेला. लोकांना वाटलं, आता किमती कोसळतील. तसं झालं नाही. स्वस्त कर्ज हातात असलेल्या मालकांनी घरं विकायलाच काढली नाहीत. जुन्या घरांची विक्री २०२३मध्ये १९९५नंतरच्या नीचांकावर आली, पण किमती टिकून राहिल्या. थांबलेल्यांना घर महाग आणि कर्जही महाग मिळालं. तेव्हा थांबणं फुकट नसतं, हे मान्य.

पण थांबण्याची किंमत आणि घाईची किंमत सारखी नाही. थांबून तुम्ही थोडं लहान घर, थोडा लांबचा भाग पत्करता. घाईत माणूस कागद बघत नाही. तेजीच्या बाजारात गिऱ्हाईक घराची तपासणी सोडून देतं, मालकी हक्काचा शोध वकिलाकडून करून घेत नाही, "दुसरी पार्टी तयार आहे" या एका वाक्यावर बुकिंगची रक्कम देऊन मोकळं होतं. बांधकाम सुरू असलेल्या घराच्या बाबतीत तर हे जिवावर बेततं.

चीनमध्ये बहुतेक नवी घरं बांधून होण्याआधीच विकली जायची आणि गिऱ्हाइकांचे हप्ते ताबा मिळण्याआधीच सुरू व्हायचे. २०२०मध्ये सरकारनं बिल्डरांच्या कर्जावर मर्यादा घातल्या, पैशाचा ओघ आटला. २०२१मध्ये एव्हरग्रांड ही बलाढ्य कंपनी देणी चुकवू शकली नाही आणि जानेवारी २०२४मध्ये न्यायालयानं ती गुंडाळण्याचा आदेश दिला. २०२२च्या उन्हाळ्यात जिंगदेझेनपासून सुरुवात होऊन अनेक शहरांतल्या गिऱ्हाइकांनी जाहीर केलं की काम पुन्हा सुरू होईपर्यंत आम्ही हप्ते भरणार नाही. ही बेफिकीर माणसं नव्हती. देशातल्या अत्यंत मोठ्या नावावर त्यांनी विश्वास ठेवला होता. आयर्लंडमध्ये २०१०च्या पाहणीत अर्धवट राहिलेल्या अडीच हजारांहून जास्त वसाहती सापडल्या. काहींत रस्त्याला दिवे नव्हते, काहींत सांडपाण्याची सोय नव्हती, आणि तरी तिथं कुटुंबं राहत होती, कारण हप्ता चालू होता. त्या देशात किमती पुढं शिखरापासून साधारण निम्म्यावर आल्या.

मामेभावाला मी फोन केला. घेऊ नकोस, असं म्हटलं नाही. तो निर्णय त्याचा आणि वहिनीचा आहे. चार गोष्टी विचारल्या. दर दोन टक्के वाढला तर हप्ता किती? दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर किती महिने निभेल? पुढची दहा वर्षं याच शहरात राहणार आहात का? आणि काम थांबलं तर भरलेले पैसे कोणत्या कलमानुसार, किती दिवसांत परत मिळतील, ते करारात दाखव. पहिल्या तिन्हींची उत्तरं त्याच्याकडं होती, आणि ती बरी होती. चौथ्यासाठी त्यानं कराराचा मसुदा मागवला आहे. तो अजून आलेला नाही, आणि चेक त्यानं दिलेला नाही.