आधी प्रवासभाडं द्या, हिशेब नंतर मागा

क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या तरुणांना प्रवास, शिबिरं किंवा स्वतःच्या उपक्रमासाठी मिळणाऱ्या छोट्या अनुदानांवरचा लेख आवडला. मात्र ही प्रथा आजकालची असल्यासारखी मांडली आहे, ते पटलं नाही. 1654 च्या सुमारास पंथाच्या सुरुवातीच्या नेत्या मार्गारेट फेल यांनी इंग्लंडमध्ये ‘केंडल फंड’ उभा केला. धर्मप्रचारासाठी गावोगाव फिरणाऱ्या आणि तुरुंगात पडलेल्या फ्रेंड्सचा, म्हणजे क्वेकरांचा, खर्च त्यातून निघे, अगदी कपड्यांचा आणि पादत्राणांचासुद्धा! त्या फिरणाऱ्यांत कितीतरी जण विशीतले. जेम्स पार्नेल तर 1656 मध्ये कोलचेस्टरच्या किल्ल्यात कैदेत वारला, तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा होता.

माझा खरा आग्रह पैसे देण्याच्या पद्धतीबद्दल आहे. ‘आधी खर्च करा, पावत्या जोडा, मग रक्कम मिळेल’ ही अट नोकरदार माणसाला चालते. खोलीचं भाडं भरून हातात काहीच न उरलेली विद्यार्थिनी रेल्वेचं तिकीट काढणार कशातून? ती अर्जच करत नाही, आणि मग समिती म्हणते, तरुणांना रस नाही. हे मला फार लागतं.

दुसरं म्हणजे सोबत. क्वेकरांकडे ‘क्लिअरनेस कमिटी’ची सुंदर रीत आहे: एखादा निर्णय घ्यायचा असलेल्या माणसासोबत चार-पाच जण शांत बसतात, सल्ला देत नाहीत, फक्त मनापासून प्रश्न विचारतात. अनुदान मिळालेल्या प्रत्येकाला हवी असल्यास अशी बैठक मिळावी, आणि रक्कम ठरवणाऱ्या समितीत निदान दोघे तरी तिशीच्या आतले असावेत.