मेंढरांनी माळ संपवला म्हणे! त्या फॉरवर्डला माझं उत्तर

सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की धनगरांच्या मेंढरांनी पुणे-सोलापूरकडचे माळ ओसाड केले, चराई कायमची बंद करा आणि झाडं लावा. वाचून संताप येतो, कारण यात थोडं खरं आहे आणि बाकी सगळं उलटं.

पहिलं, "मेंढरं गवत मुळासकट संपवतात". अहो, गवताचा कोंब बुडख्यात असतो, वरचं पातं खाल्लं तरी खालून परत फुटतं! हां, मेंढी अगदी जमिनीलगत खाते आणि पहिल्या पावसात फुटलेलं कोवळं गवत तिथल्या तिथं परत परत खाल्लं गेलं की मुळांतला साठा संपतो, मग मारवेल, पवन्या ही चाऱ्याची चांगली गवतं मागे पडतात, हलकी कुसळी वाढते, पुढे तीही जाते आणि तरोटा (टाकळा) हे तण माजतं, कारण त्याला जनावर तोंड लावत नाही. पण हे होतं रोज त्याच जागी चारल्याने. फलटण-बारामतीकडचे धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारे तांडे, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, रिकाम्या खाचरात मेंढरं बसवतात, शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य. फिरतं राहणं हीच त्यांची पद्धत.

"खुरांनी माती दगड होते". ओल्या जमिनीवर, पाणवठ्याजवळ, मुक्कामाच्या जागी होते, पाणी मुरत नाही. अख्ख्या माळावर तसं होत नाही.

"चराई बंद केली की निसर्ग आपोआप सावरतो". उजाड माळाला काही वर्षं विश्रांती द्याच, गवत येतं. पण कायमची बंदी? राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात १९८२ मध्ये म्हशींची चराई बंद केली, तर पाण्यात पास्पॅलम गवत इतकं माजलं की पाणपक्ष्यांनाच अडचण झाली, हे बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) या संस्थेच्या अभ्यासातच आलं. ती पाणथळ जागा, मान्य, पण माळावरही जुनं वाळकं गवत साचतं, खालच्या छोट्या वनस्पतींना ऊन मिळत नाही आणि वणव्याला आयतं जळण होतं.

आणि झाडं! माळ म्हणजे पडीक जमीन समजून चर खणायचे, गवताची मुळं उपटायची आणि ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड लावायचं, मग माळढोक आणि लांडग्याने जायचं कुठं? कुरणं अशी आवळत गेली की तेवढीच मेंढरं उरलेल्या तुकड्यावर दाटीने चरतात, आणि त्याच तुकड्याचा फोटो टाकून धनगराला गुन्हेगार ठरवतात.