एका दिवसात डिस्ने वर्ल्ड? आधी नकाशा तरी बघा

पुण्याच्या आत्यानं तो फॉरवर्ड मला पाठवला आणि खाली लिहिलं, "अगं, एका दिवसात होतं म्हणे सगळं. तुम्ही उगाच पाच दिवसांचे पैसे घालवताय." आत्या-आतोबा जूनमध्ये आमच्याकडे अटलांटाला येतायत, ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डचं बुकिंग आम्ही कधीच करून ठेवलंय, आणि आता भिशीच्या ग्रुपवरून आलेला एक मेसेज आमच्यापेक्षा जास्त शहाणा ठरतोय. त्याच आठवड्यात तो आणखी दोन ग्रुपांवर दिसला. आत्याला फोनवर समजावून झालं, पण बाकीच्यांचं काय?

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. डिस्ने वर्ल्डचे चारही पार्क एका दिवसात होतात. मायामीला मुक्काम ठेवायचा, सकाळी निघायचं, रात्री परत. फास्टपास, म्हणजे राइडची मोठी रांग टाळायचा पास, फुकट मिळतो, तो घ्यायचा. सोबत म्हातारं माणूस असेल तर व्हीलचेअर घ्यायची, मग अख्ख्या कुटुंबाला रांग नाही. शाकाहारी काही मिळत नाही, त्यामुळे जेवण शोधण्यात वेळ घालवू नका. तिकीट जास्त दिवसांचं काढलं असेल तर उरलेले दिवस कुणाला तरी विकून टाका. आणि वेळ उरला तर संध्याकाळी युनिव्हर्सल!

"चारही पार्क एका दिवसात." फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड जवळपास शंभर चौरस किलोमीटरवर पसरलंय. म्हणजे आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या तोडीचं. त्यात मॅजिक किंग्डम (१९७१), एपकॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९) आणि ॲनिमल किंग्डम (१९९८) असे चार वेगवेगळे पार्क आहेत, शिवाय दोन वॉटर पार्क. एका पार्कमधून दुसऱ्यात चालत जायचा विचार करत असाल तर फक्त एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज यांच्यात तो जमतो, आणि त्या दोघांमध्ये रोपवेसुद्धा आहे. मॅजिक किंग्डम ते एपकॉट मोनोरेल, बाकी ठिकाणी बस. वाट बघणं, प्रवास, परत बॅगा तपासणं असं सगळं धरून दर वेळी पाऊण तास गेला समजा. चार पार्क म्हणजे तीन फेऱ्या. दोन-सव्वादोन तास नुसत्या येण्याजाण्यात गेले, आणि अजून एकाही राइडच्या रांगेत आपण उभे राहिलेलो नाही.

मॅजिक किंग्डमची तर आणखीच गंमत. स्वतःच्या गाडीनं गेलात तर गाडी पार्कच्या दारात लागतच नाही. ती लागते तळ्याच्या अलीकडे. तिथून मोनोरेल किंवा फेरीबोट पकडून तळं ओलांडायचं, तेव्हा कुठे दार दिसतं. गाडीचं दार लावल्यापासून किल्ल्यासमोर पहिला फोटो काढेपर्यंत पाऊण तास ते तास सहज जातो. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांची बस मात्र थेट पार्कच्या दाराशी सोडते. हा फरक ठाऊक नसलेला माणूसच असले मेसेज लिहितो.

मान्य, चारही पार्कांच्या दारात उभं राहून एका दिवसात चार फोटो काढता येतात. एका दिवसात अनेक पार्कांत जाऊ देणारं हॉपर तिकीट घेऊन तसं करणारी हौशी मंडळी आहेत. त्यांनी डिस्ने 'पाहिलं' असं म्हणायचं असेल तर मग पंढरपूरला जाऊन कळसाचं दर्शन घेऊन परत फिरणाराही विठोबाला भेटूनच आला.

मला वाटतं या गैरसमजाचं मूळ दुसरीकडे आहे. आपल्याकडचे टूरवाले हाँगकाँगचं डिस्नेलँड एका दिवसात दाखवतात, आणि ते खरंच होतं, कारण तिथे पार्क एकच आहे. कॅलिफोर्नियात अनाहाइमला १९५५ साली सुरू झालेलं मूळ डिस्नेलँड आहे. तिथे दोन पार्क समोरासमोर आहेत, दोन दिवसांत नीट होतात. नावं सारखी म्हणून कुणीतरी हाँगकाँगचा हिशोब फ्लोरिडाला लावला असणार. एवढं अर्धसत्य त्या मेसेजला देऊन टाकते.

"मायामीहून जाऊन-येऊन." मायामी ते ऑर्लँडो अंतर मुंबई-कोल्हापूरएवढं आहे. रस्ता चांगला असला तरी एका बाजूला साडेतीन-चार तास. त्याच मेसेजमध्ये "गेट उघडताना पोहोचा" असंही लिहिलंय, आणि तो सल्ला अगदी बरोबर आहे, सकाळचे पहिले दोन तास सोन्याचे असतात. पण मग मायामीहून पहाटे चारला निघायचं का? आणि रात्री आतषबाजी बघून दोन वाजता परत पोहोचायचं? गाडी चालवणाऱ्यानं झोपायचं कधी?

आता व्हीलचेअर. बाकीचं सगळं अडाणीपणात जमा करता येईल, हे नाही. आत्याचे गुडघे दुखतात, म्हणून तिला हाच मुद्दा सगळ्यात आवडला होता.

एक तर ते खोटं आहे. व्हीलचेअरवर बसलं की रांग चुकते, असा नियम डिस्नेत नाही. बहुतेक राइडच्या रांगा व्हीलचेअर जाईल अशा रुंद केलेल्या आहेत. खुर्चीवरचा माणूस इतरांबरोबर त्याच रांगेतून जातो. ज्या जुन्या राइडच्या रांगेत खुर्ची जात नाही, तिथे परत यायची वेळ देतात, आणि ती वेळ साधारण त्या रांगेला लागणाऱ्या वेळेएवढीच असते. तेवढा वेळ तुम्ही बाहेर बसायचं, इतकंच.

रांगेत थांबणं ज्यांना खरोखरच अशक्य आहे, त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे. तिला डीएएस (डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस) म्हणतात. २०१३ साली ती आणली, कारण आधीच्या कार्डाचा इतका गैरवापर झाला होता की रांग चुकवण्यासाठी श्रीमंत कुटुंबं अपंग माणसांना पैसे देऊन सोबत नेत असल्याच्या बातम्या आल्या. मे २०२४ पासून ती आणखी कडक झाली. आता ती मुख्यतः ऑटिझम किंवा तशा विकासात्मक अडचणी असलेल्यांसाठी आहे आणि त्यासाठी व्हिडिओ कॉलवर बोलावं लागतं. गुडघेदुखी त्यात बसत नाही. आणि डिस्नेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलंय की ही सोय मिळवताना खोटं सांगितल्याचं आढळलं, तर त्या माणसाला फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया दोन्हीकडे कायमची प्रवेशबंदी होते आणि आधी काढलेल्या तिकिटांचे पैसे परत मिळत नाहीत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्या आई-बापांचं मूल खरोखर रांगेत उभं राहू शकत नाही, त्यांच्याकडे आज जे संशयानं पाहिलं जातं, ते असल्या 'आयडिया'वाल्यांनीच कमावून दिलंय.

आणि तरीही, ज्यांना गरज आहे त्यांनी व्हीलचेअर जरूर घ्यावी, बिनदिक्कत. दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालणं होतं. एपकॉटमध्ये तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत, तो एक वळसाच दोन किलोमीटरच्या आसपास पडतो. (भारताचं दालन त्यात नाही, शोधू नका.) खुर्ची पार्कमध्ये भाड्यानं मिळते. ती पायांसाठी आहे, वेळ वाचवण्यासाठी नाही. उलट खुर्ची सोबत असेल तर दिवस थोडा सैलच धरायला हवा.

"फास्टपास फुकट." हा मेसेज किती शिळा आहे ते इथे कळतं. फास्टपास १९९९ मध्ये आला आणि २०२१ मध्ये कायमचा गेला. आता त्याच्या जागी लाइटनिंग लेन आहे, आणि तिला पैसे पडतात. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ती सात दिवस आधी घेता येते, बाकीच्यांना तीन दिवस आधी. सुरुवातीला तीन राइड निवडायच्या, त्याही बहुतेक पार्कांत सगळ्यात लोकप्रिय अशा एकत्र मिळत नाहीत. काही राइडचे पैसे तर आणखी वेगळे. पैसे टाकले की पार्क अर्ध्या दिवसात संपला, असं होत नाही. उभं राहणं कमी होतं, एवढंच. मेसेजमध्ये "मॅजिक किंग्डमची मोठी बोट चुकवू नका" असंही आहे. ती बोट, तिच्या नदीसकट, जुलै २०२५ मध्ये बंद झाली.

शाकाहारी मिळत नाही, हेही चूक. मेनूवर हिरव्या पानाची खूण असते ती बघा. शिवाय बाहेरचं खाणं आत न्यायला परवानगी आहे, काचेच्या बाटल्या आणि दारू सोडून. ठेपले न्या, चटणी न्या, कुणी अडवत नाही.

तिकीट विकण्याबद्दल एकच वाक्य: ते ज्याच्या नावावर निघालं त्यानंच वापरायचं असतं, अर्धं वापरलेलं विकत घेणाराही फसतो आणि विकणाराही.

मग दिवस किती धरायचे? एका पार्कला एक दिवस. दिवस कमी असतील तर पार्क कमी करा, धावपळ वाढवू नका. दोनच दिवस असतील आणि सोबत लहान मुलं व आजी-आजोबा असतील तर मॅजिक किंग्डम आणि ॲनिमल किंग्डम. दुसऱ्यात सकाळी सफारी करा, प्राणी तेव्हा जास्त हिंडताना दिसतात. नंतर 'आनंदपूर' नावाच्या खोट्या गावात जा, आपल्याकडच्या पाट्या आणि भिंती त्यांनी किती बारकाईनं उतरवल्यात ते बघायलाच तास जातो. रोलर कोस्टरवेडी मोठी मुलं असतील तर उरलेले दोन पार्क. तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण काही राइडना उंचीची अट आहे. ॲनिमल किंग्डममधल्या एव्हरेस्टच्या कोस्टरला ११२ सेंटिमीटर लागतात, तेव्हा घरीच भिंतीवर मोजून निघा.

तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो. नाताळात मॅजिक किंग्डमचा एक दिवस २०० डॉलरच्या वर जातो. पण दिवस वाढवाल तसा दर दिवसाचा भाव उतरतो, आणि चार दिवसांचं तिकीट सात दिवसांत कधीही वापरता येतं. म्हणजे मध्ये एक दिवस हॉटेलच्या तलावात पाय सोडून बसता येतं. जूनमध्ये तो दिवस लागतोच. दुपारी विजांसह पाऊस येतो, उघड्यावरच्या राइड थांबतात, आणि ज्याच्याकडे एकच दिवस आहे तो छपराखाली उभा राहून घड्याळ बघत असतो.

राहता राहिलं युनिव्हर्सल. ते डिस्नेचं नाहीच, दुसऱ्या कंपनीचं आहे, पंधरा-वीस किलोमीटर लांब, वेगळ्या तिकिटाचं. मे २०२५ मध्ये एपिक युनिव्हर्स उघडल्यापासून तिथेही वॉटर पार्क सोडून तीन पार्क झालेत. डिस्नेचे चार संपवून जो संध्याकाळी तिथे जाईल, तो पार्किंगचे पैसे भरून येईल फक्त.